प्रकाशाचा रंग पालटणारे रेणू

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युरियाचे पोते आष्टीत कोणाला नवे नाही. कापसाला खताची मात्रा द्यावयाची वेळ आली की कृषी सेवा केंद्रापुढे रांग लागते आणि पोते वेळेवर मिळाले नाही तर त्याची चर्चा ग्रामसभेपर्यंत जाते. हाच युरिया जगातील नामांकित प्रयोगशाळांत एका अगदी निराळ्या कामासाठी वापरला जातो, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. तेथे तो माप म्हणून वापरतात. धान्य मोजावयास पायली, तसा प्रकाशाचा रंग पालटण्याची पदार्थाची शक्ती मोजावयास युरिया. एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने नवा रेणू घडविला की तो या बाबतीत युरियाच्या किती पट आहे, असे विचारले जाते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ठिबक संचातून किंवा फवाऱ्याने मोसंबीला व डाळिंबाला दिले जाणारे ०:५२:३४ हे विद्राव्य खत सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याचे रासायनिक नाव पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. शास्त्रज्ञ त्याला आद्याक्षरांवरून केडीपी म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील राष्ट्रीय प्रज्वलन केंद्रात १९२ लेसर किरणशलाका एका इवल्याशा लक्ष्यावर रोखल्या जातात. त्यांच्या वाटेवर याच केडीपीचे सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीरुंदीचे स्फटिकपट्ट उभे केलेले असतात. अदृश्य अवरक्त प्रकाश त्यांतून जाताना जंबुपार होतो आणि मग लक्ष्यावर आदळतो. ५ डिसेंबर २०२२ रोजी तेथे २.०५ मेगाजूल प्रकाश-ऊर्जा देऊन अणुसंमीलनातून ३.१५ मेगाजूल ऊर्जा मिळाली. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही केडीपीचे मोठे स्फटिक वाढविले जातात. खताच्या पिशवीतील भुकटी आणि हे स्फटिक यांत शुद्धतेचा आणि वाढविण्याच्या कौशल्याचा फरक फार मोठा आहे, हे खरे. पण द्रव्य एकच.

आता हा रंगपालट म्हणजे काय, ते पाहू. त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, जत्रेत जावे. कर्ण्यावर गाणे चालू असते. आवाज बेताचा असतो तोवर गायकाचा सूर जसाच्या तसा ऐकू येतो. कोणीतरी हौशी माणूस बटण पूर्ण फिरवितो आणि कर्णा फाटल्यासारखा वाजू लागतो. त्या वेळी कानावर पडणारे काही सूर गायकाच्या गळ्यातून निघालेलेच नसतात. ते कर्ण्याने स्वतः निर्माण केलेले असतात आणि त्यांत मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे एक सप्तक वरचा सूरही असतो. कर्ण्याचा पडदा ठरावीक मर्यादेपर्यंत विजेच्या प्रमाणात हलतो. मर्यादा ओलांडली की हे प्रमाण बिघडते. प्रमाणात असणाऱ्या वागणुकीला शास्त्रात रेषीय आणि प्रमाण सुटलेल्या वागणुकीला अरेषीय म्हणतात. प्रकाशाच्या बाबतीत हेच अभ्यासणाऱ्या शाखेला अरेषीय प्रकाशिकी असे नाव आहे.

प्रकाशही कंपनेच होत. त्याच्या दर सेकंदाच्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि कंप्रता बदलली की रंग बदलतो. सूर्याचा किंवा दिव्याचा प्रकाश कोणत्याही पदार्थातून गेला तरी त्यातील इलेक्ट्रॉनांना प्रमाणाबाहेर हलवू शकत नाही. तेवढा जोर लेसरच्या प्रकाशात असतो. म्हणूनच १९६० साली पहिला लेसर तयार झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा प्रकाश क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या स्फटिकातून पाठवून पाहिला. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर होती. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) पलीकडे जो प्रकाश मिळाला त्यात ३४७ नॅनोमीटरचा, नेमका निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे दुप्पट कंप्रतेचा अत्यंत क्षीण अंश होता. छायाचित्राच्या काचेवर त्याचा एक बारीकसा ठिपका उमटला. १५ ऑगस्ट १९६१ च्या अंकात हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा छपाईच्या वेळी तो ठिपका धुळीचा डाग समजून पुसून टाकण्यात आला होता. त्यामुळे ज्या चित्रात शोध दाखवावयाचा, त्यात शोधच नव्हता! मुद्रितशोधन करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग स्मरणात ठेवावा असा आहे.

आज तो ठिपका बाजारात विकत मिळतो. हिरव्या प्रकाशाचे जे लेसर-दर्शक मिरवणुकांत आणि लग्नसमारंभांत मुले फिरविताना दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या पोटात एक छोटा स्फटिक असतो. तो १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य अवरक्त प्रकाशाचे ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात रूपांतर करतो. येथे एक सूचना करणे अवश्य आहे. स्वस्त बनावटीच्या दर्शकांत उरलेला अवरक्त प्रकाश अडविणारी गाळणी पुष्कळदा नसते. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि दृष्टिपटलाला इजा होते. शाळेत अशी वस्तू आढळल्यास शिक्षकांनी ती काढून घ्यावी.

प्रत्येक पारदर्शक पदार्थाला हे साधत नाही. मिठाचा खडा, तुरटीचा खडा आणि खडीसाखर हाती घ्या. तिन्ही पदार्थ स्फटिकरूप आहेत. यांपैकी मीठ आणि तुरटी कितीही प्रखर लेसरखाली ठेवली तरी त्यांच्या अंतरंगातून दुप्पट कंप्रतेचा प्रकाश निघत नाही. खडीसाखरेतून मात्र निघतो. याचे कारण कणांच्या रचनेत आहे. मिठाच्या रचनेत एका दिशेला जे आहे तेच नेमके उलट दिशेलाही आहे. अशा समतोल रचनेत इलेक्ट्रॉनांना दोन्ही बाजूंना सारखेच मोकळे अथवा सारखेच अडलेले वाटते. उताराच्या रस्त्यावरची बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. सारख्याच जोराने ओढली तर ती उताराकडे अधिक जाते आणि चढाकडे कमी. ज्या स्फटिकात इलेक्ट्रॉनांसाठी असा चढ-उतार आहे, तेथेच दुप्पट कंप्रतेचा प्रकाश जन्मतो. सपाट रस्त्यावर तो जन्मत नाही.

असा उतार एका रेणूच्या आतच मुद्दाम कसा घडवावा, या प्रश्नातून दाता-ग्राही रेणूंचा विचार पुढे आला. रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन सहज देणारा अणुगट बसवावयाचा, दुसऱ्या टोकाला ते ओढून घेणारा गट आणि मध्ये इलेक्ट्रॉनांना ये-जा करता येईल असा कार्बन-अणूंचा पूल. आपला युरियाही लहान प्रमाणावर असाच आहे. त्यातील दोन अमिनो गट देणारे आणि ऑक्सिजन घेणारा. शिवाय युरियाचे रेणू स्फटिकात एकमेकांचा परिणाम पूर्णपणे पुसून टाकतील असे बसत नाहीत. मापाचा मान त्याला मिळाला तो या गुणामुळे आणि तो सर्वत्र शुद्ध स्वरूपात मिळतो म्हणून.

पुढे प्रश्न आला की देणारा अधिक उदार मिळेल काय? धातू या बाबतीत प्रसिद्ध आहेत. त्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची पकड सैल असते. ज्या संयुगांत धातूचा अणू कार्बनच्या अणूशी सरळ जोडलेला असतो त्यांना कार्ब-धातू संयुगे म्हणतात. ही नावे ऐकून परकेपणा वाटण्याचे कारण नाही, कारण ब-१२ जीवनसत्त्वाच्या शरीरातील कार्यक्षम रूपांत कोबाल्ट आणि कार्बन यांचा असाच सरळ बंध आहे. या कुळातील सर्वांत नामांकित संयुग फेरोसीन होय. १९५१ साली अमेरिकेत पॉसन आणि केली हे दोघे दुसरेच काही बनवू पाहत असता त्यांच्या हाती नारिंगी रंगाचे, कापरासारख्या वासाचे स्फटिक लागले. पाच-पाच कार्बन-अणूंची दोन कडी एकमेकांवर ठेवलेली आणि जात्याच्या दोन दगडांमध्ये दाणा सापडावा तसा मध्ये लोहाचा अणू, अशी त्याची विलक्षण रचना पुढच्या वर्षी उलगडली. या क्षेत्रातील कार्याबद्दल फिशर आणि विल्किन्सन यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९८७ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे माल्कम ग्रीन, सेठ मार्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फेरोसीनला दाता केले. त्याला दोन कार्बन-अणूंच्या पुलाने नायट्रो गट असलेले बेंझिनचे कडे जोडले. नायट्रो गट हा हावरा ग्राही. या रेणूची दोन रूपे होतात. पुलाच्या एकाच बाजूला दोन्ही टोके वळलेली असली की एक आणि विरुद्ध बाजूंना असली की दुसरे. अणू तेच, त्यांची संख्या तीच, देणारा तोच आणि घेणाराही तोच. पहिल्या रूपाच्या भुकटीवर लेसर टाकला तेव्हा दुप्पट कंप्रतेचा प्रकाश युरियाच्या ६२ पट मिळाला. दुसऱ्या रूपाच्या भुकटीतून काहीच मिळाले नाही. दुसऱ्याचे रेणू सुटे सुटे दुबळे नव्हते. पण स्फटिकात ते जोडीजोडीने उलटसुलट तोंडे करून बसत होते. दोन जातिवंत बैल एका जुवाला विरुद्ध तोंडांनी जुंपावेत आणि गाडी जागची हलू नये, तसे हे झाले. पुढे थोड्याच वर्षांत अमेरिकेत धनभारित ग्राही जोडलेल्या फेरोसीनच्या क्षारांपैकी एकात २२० पटीपर्यंत मजल गेली. त्यात ऋणभारित सोबती बदलून रेणूंची बैठक बदलावयाची ही युक्ती होती.

मग ही संयुगे आज बाजारात का नाहीत, असे कोणीही विचारील आणि विचारावयासच हवे. फेरोसीनचा नारिंगी रंग हेच एक कारण आहे. ज्याला रंग आहे तो दृश्य प्रकाश शोषून घेतो. म्हणजे या रेणूने हिरवा प्रकाश निर्माण केला तरी त्यातील बराचसा तो स्वतःच खाऊन टाकणार. वरील मोजमापे १९०७ नॅनोमीटरच्या दूरच्या अवरक्त प्रकाशाने केली गेली ती यामुळेच. तेथे दुप्पट कंप्रतेचा प्रकाश ९५४ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे रंगाच्या पट्ट्याबाहेर पडतो. शिवाय कार्बनी स्फटिक मऊ असतात. ते घासून चकचकीत करणे कठीण, आणि तीव्र लेसरखाली त्यांतील पुष्कळ टिकत नाहीत. लिथियम निओबेट, केडीपी यांसारख्या धातुक्षारांनी आणि ऑक्साइडांनी बाजारात जी जागा घेतली ती म्हणूनच अद्याप सुटलेली नाही. कार्ब-धातू रेणूंचा खरा गुण दुसराच आहे. लोहाने एक इलेक्ट्रॉन गमावला की तो दाता राहत नाही आणि रेणूची ही शक्ती मालवते. इलेक्ट्रॉन परत दिला की ती पुन्हा उजळते. फेरोसीनच्या एका सुधारित रूपावर अशी उघडझाप २००१ साली ब्रिटन आणि बेल्जियममधील संशोधकांनी करून दाखविली. दिव्याच्या बटणाचे काम एका रेणूने करावे, ही कल्पना अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्याच्या आत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा रेणूंची मोजमापे द्रावणात करण्याचे काम झाले आहे.

एवढे दूर गेल्यावर आता घराकडे वळू. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. बीडच्या मिल्लिया महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात स्फटिक वाढविण्याची प्रयोगशाळा आहे. तेथील एस. एस. हुसैनी व मोहम्मद अनीस, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील एम. डी. शिरसाट, तसेच अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठातील जी. जी. मुळे या संशोधकांच्या नावाने केडीपी आणि थायोयुरियाच्या धातुसंयुगांवरील निबंध गेल्या दशकात आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. थायोयुरिया म्हणजे युरियाचाच भाऊ, ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला. एकट्या थायोयुरियाचा स्फटिक नेहमीच्या तापमानाला समतोल रचनेचा असतो. त्यामुळे रेणू गुणी असूनही स्फटिक मुका. पण त्याला जस्ताची जोड मिळाली की बैठक बदलते आणि तो बोलू लागतो. तीन भाग थायोयुरिया व एक भाग झिंक सल्फेट (हेही आपल्या ओळखीचे खत) रेणूंच्या प्रमाणात पाण्यात विरघळविले की झिंक ट्रिस-थायोयुरिया सल्फेट तयार होते. १९९२ साली अमेरिकेत त्याचे प्रकाशगुण मोजले गेले आणि तेव्हापासून भारतातील अनेक महाविद्यालयांत ते वाढविले जात आहे. काटेकोरपणे बोलावयाचे तर हे कार्ब-धातू संयुग नव्हे, कारण येथे धातू कार्बनला नव्हे तर गंधकाला जोडलेला आहे. त्याला अर्धकार्बनी स्फटिक म्हणतात. देणे-घेणे आणि बैठक यांचा न्याय मात्र तोच आहे.

या संशोधनाला लागणारे साहित्य पाहिले तर आश्चर्य वाटते. शुद्ध रसायने, काचेची भांडी, गाळणकागद, ठरावीक तापमान राखणारी पाण्याची टाकी आणि धीर. म्हणूनच ते छोट्या गावांच्या महाविद्यालयांत रुजू शकले. मोजणीची महागडी यंत्रे तेथे नसतात. स्फटिक डबीत घालून मुंबई, मद्रास किंवा बंगळूरच्या संस्थांकडे पाठवावा लागतो आणि निकालाची वाट पाहावी लागते.

आणि येथेच एक दुखणेही आहे. ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील प्रा. बी. आर. श्रीनिवासन यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून प्रसिद्ध झालेल्या अशा ‘नव्या’ स्फटिकांच्या दाव्यांची वर्षानुवर्षे फेरतपासणी केली. दोन पदार्थ एका भांड्यात विरघळविले, काही दिवसांनी तळाशी स्फटिक आले, म्हणून ते दोहोंचे नवे संयुगच असेल असे नाही. पुष्कळदा कमी विरघळणारा पदार्थ एकटाच बाहेर येतो. जे नवे म्हणून छापले गेले, त्यांतील कित्येक स्फटिक प्रत्यक्षात भांड्यात घातलेल्या जुन्याच पदार्थाचे अथवा पूर्वीपासून माहीत असलेल्या संयुगाचे निघाले. जालना हे बियाण्यांचे गाव. पिशवीवरचे नाव आणि आतले बी यांत फरक पडला तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. स्फटिकाच्या बाबतीत बी तपासण्याचे साधन म्हणजे क्ष-किरण. त्यांनी अणूंच्या जागा निश्चित केल्याखेरीज नाव लिहू नये, एवढाच गोव्याच्या या प्राध्यापकांचा आग्रह आहे. तो कडक वाटला तरी त्यात लहान महाविद्यालयांचेच हित आहे. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्या सचोटीवरच प्रथम शंका घेतली जाते.

पंचायत सभासदांच्या मनात एक प्रश्न असेल की गावाचा याच्याशी संबंध काय. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. सातबाराचा उतारा दूरच्या संगणकावरून येतो तो तंतूतील प्रकाशावर स्वार होऊन. लांब पल्ल्याच्या तंतुमार्गांवर विजेचा संकेत प्रकाशावर चढविण्याचे काम अनेक ठिकाणी लिथियम निओबेटचा स्फटिक करतो आणि त्याला ते जमते ते त्याच्या रचनेतील असमतोलामुळे. मिठाला ते जमले नसते.

शाळांतून काय करता येईल, एवढेच सांगावयाचे राहिले. थायोयुरिया आणि कॅडमियमचे क्षार विषारी आहेत, त्यांच्या वाटेला शाळांनी जाऊ नये. तुरटी आणि साखर पुरेशी आहे. तुरटी गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवावी, स्वच्छ फडक्यातून गाळावी आणि भांडे झाकून रात्रभर ठेवावे. तळाशी जे बारीक खडे जमतील त्यांतील कोरीव कडांचा एक निवडून दोऱ्याला बांधावा. थंड झालेले द्रावण पुन्हा गाळून त्यात तो खडा भांड्याला न टेकता अधांतरी सोडावा. वर कागद बांधून त्याला सुईने दोनचार छिद्रे पाडावीत. भांडे खिडकीजवळ ठेवू नये. मराठवाड्यात दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात मोठे अंतर असते. त्या चढउताराने रात्री वाढलेला स्फटिक दुपारी झिजतो. जुन्या जाड भिंतींच्या वाड्यातील आतली खोली या कामी उत्तम. मुलांनी रोज एकाच वेळी, भांडे न हलविता, खड्याची लांबी बाहेरून पट्टीने मोजून वहीत लिहावी. ज्या दिवशी वाढ झाली नाही त्या दिवशीही लिहावी.